पार्बताबाईंचा शेक

"कसं वाटून राह्यलं माय? पाय हलके झाले काय थोडे?"

चुलीतून काढलेली वीट रुईच्या पानांत आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पार्बताबाईंनी ती सुनेच्या पोटरीवर दाबून धरली होती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तो न पुसता त्या मोठ्या आशेनं कौशल्येच्या तोंडाकडे बघत होत्या. बाहेर चैत्राचं ऊन अंगण भाजून काढत होतं, वारा लागू नये म्हणून दार घट्ट लावून घेतलेलं, कोपऱ्यात निर्गुडीच्या पाल्याचं पाणी रटरटत होतं... आणि त्या कोंडलेल्या वाफेत खाटेवर पडलेली कौशल्या आपले पाय शोधत होती!

"हो आत्याबाई... बरं वाट्टे," ती म्हणाली.

खोटं होतं ते! सकाळीच ती भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाऊन आली होती. पहिली वीट लागली तशी बोटांतली जाग गेली, दुसरीनं गुडघे गेले, आणि आता तर उजव्या डोळ्यापुढं धुरकट पडदा उतरला होता. शेक झाला की दरवेळी हेच होई. पण तिच्या त्या एका शब्दानं पार्बताबाईंच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते पाहिल्यावर खरं बोलायची छाती तिला कधी झालीच नाही.

"पाह्य, म्या म्हन्लं नव्हतं?" पार्बताबाई उठता उठता म्हणाल्या आणि त्यांनी आपली बोटं हळूच पदराआड नेली. कौशल्येनं ती केव्हाच पाहिली होती. पेरापेरांवर फोड होते, जुने फुटलेले, नवे टरारलेले. सुनेचे पाय परत यावेत म्हणून ही म्हातारी रोज आपले हात भाजून घेत होती!

अंजनगावच्या शिवेवर, शहानूरच्या काठी या घराचा पानमळा होता आणि विड्याच्या पानांवरच घराची चूल पेटत होती. कौशल्या आकोटची, तीही पानमळ्यातच वाढलेली. सून होऊन आली आणि थोड्याच दिवसांत वेली तिच्या हाताला ओळखू लागल्या असं सारे म्हणत. कोवळी वेल शेवरीच्या खोडाला लव्हाळ्यानं बांधावी तर तिनंच! गाठ सैल पडली तर वेल घसरते, आवळली तर कापली जाते. तिच्या बोटांना त्यातलं बरोबर मधलं गवसलं होतं. "आपुन बायको नाई आनली, मळ्याले मालकीन आनली," असं तिचा नवरा चंद्रभान चारचौघांत म्हणे, आणि ती लाजून आत पळे.

शालू जन्मली त्यानंतरच्या वर्षी हे दुखणं आलं. आधी एका डोळ्यानं दिसेनासं झालं आणि काही दिवसांनी आपोआप दिसू लागलं. लोकांनी दृष्ट काढली आणि विसरून गेले. मग हात बधिर झाले, परत आले. मग पाय... चालता चालता मधेच कुणी काढून घेतल्यासारखे! दुखणं येई आणि जाई, पण जाताना दरवेळी थोडं काहीतरी घेऊनच जाई. थंडीत ती उठे, फिरे, भाकरी थापी. उन्हं तापली की खाटेला खिळे.

"हिवाळ्यात हुंदडते, अन् पान्याचे हंडे वाहाची पाळी आली का पडते," असं धाकटी जाऊ शकुन शेजारणीला सांगे, कौशल्येला नीट ऐकू जाईल इतक्या हळू. शकुन स्वभावानं वाईट नव्हती. तिच्या वाट्याला दोघींचं काम आलं होतं, आणि कंबर मोडलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं-खोटं करत बसायला सवड नसते.

चंद्रभान तिला उमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला होता. डॉक्टरांनी तळव्यांवर काडी ओढून पाहिली, डोळ्यांत दिवा धरून पाहिला, आणि फार मृदू आवाजात सांगितलं की हा नसांचा आजार आहे, यावर औषध अजून निघालेलं नाही, हा जीव घेणार नाही आणि पिच्छाही सोडणार नाही. निघताना ते म्हणाले, "हिला कशानं बरं वाटतं आणि कशानं नाही, ते हिलाच विचारत जा."

घरी आल्यावर चंद्रभाननं आईला सगळं सांगितलं, एवढं शेवटचं वाक्य सोडून. त्यानं ते मुद्दाम लपवलं नव्हतं, बिचाऱ्याला ते औषधच वाटलं नव्हतं! सुनेला काय विचारायचं? सुनेला सांगायचं असतं, अशी त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या घराघरांची रीत होती आणि हे घर काही त्याहून वेगळं नव्हतं.

आणि त्या घराची दुसरीही एक रीत होती. पानमळा म्हणजे यांचं देवघर. जोडे बाहेर काढून, हातपाय धुऊन आत शिरायचं. सुतकी माणसानं शिरायचं नाही, आजारी बाईनं तर नाहीच, कारण तिची सावली पडली की वेल माना टाकते. सारं वऱ्हाड तव्यासारखं तापलेलं असताना गच्च सावलीनं आणि पाटाच्या पाण्यानं गार असलेली त्या शिवारातली ती एकच जागा... आणि तिथंच जायला कौशल्येला बंदी! तिनं कधी तक्रार केली नाही. वेलींना आपली बाधा नको, असं तिलाही मनापासून वाटे.

पण शेकाबद्दल ती का बोलली नाही? त्याचं कारण मैना. पार्बताबाईंची एकुलती लेक मैना बाळापूरला दिली होती. तिचेही हातपाय असेच गेले, आणि सासरच्यांनी "सोंग करते" म्हणून तिला गुरांच्या कोठ्याशेजारच्या खोलीत टाकून दिलं. आईला निरोप पोचला तेव्हा फार उशीर झाला होता. "कोनी साधी एक वीट गरम करून देल्ली नाई माह्या लेकीले!" एवढं एकच वाक्य पार्बताबाई त्यानंतर कितीतरी वेळा बोलल्या होत्या. कौशल्येच्या पोटरीवर वीट धरताना त्या मैनेलाच शेकत होत्या, हे कौशल्येला कळत होतं. साऱ्या गावात 'हे सोंग नव्हे' असं छातीठोक म्हणणारी ही एकच माऊली! तिला कसं सांगायचं, की आत्याबाई, तुमच्या मायेनंच माझे पाय जातात?

त्या चैत्रात मात्र तिनं मनाशी एक ठरवलं. सासूचे हात आता पाहवत नव्हते. म्हातारी चुलीपुढं बसून बसून वाळत चालली होती, शकुन कामानं पिचली होती, चंद्रभान बोलेनासा झाला होता... आणि हे सारं आपल्या एकटीपायी! अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, भाऊ माहेरी न्यायला येतो, तेव्हा जायचं ते कायमचं, हे तिनं देवीदासदादाकडून वचन घेऊन पक्कं केलं. शालूला इथंच ठेवायचं. आजीला तिच्याशिवाय करमणार नाही, आणि आकोटला भावाच्या संसारात दोन दोन ओझी कशाला? हा विचार मनात आला त्या दिवशी तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून आक्रोश गिळला होता.

अखजीच्या आदल्या दिवशी देवीदास छकडा घेऊन आला. चंद्रभान पानांच्या डाली घेऊन उमरावतीच्या बाजाराला गेलेला होता. एका परीनं बरंच झालं, नाहीतर तिचा धीर सुटला असता. निघण्याआधी पार्बताबाईंनी शेक द्यायचा हट्ट धरला. "वाटेनं गचके बसतीन, पाय मोकळे असू दे," म्हणाल्या. कौशल्येनं तोही शेवटचा शेक डोळे मिटून घेतला. मग सासूच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेचना.

"अवं, दोन दिसांसाठी चालली ना? का सासरी जानाऱ्या नवरीवानी रडून राह्यली?" पार्बताबाई हसल्या. "चाल, मी मळ्यापरेंत येतो. ओटीत घालाले ताजी पानं तोडून देतो तुले."

देवीदासनं तिला उचलून छकड्यात बसवलं. शालूचा पापा घेताना कौशल्या काही बोलली नाही. बोलली असती तर गाडी निघालीच नसती.

मळ्याच्या धुऱ्यावर, बांधापाशी छकडा थांबला. देवीदास बैलांना सोडून नदीवर पाणी दाखवायला घेऊन गेला. पार्बताबाईंनी जोडे काढले, पाटात पाय धुतले आणि तुराट्यांच्या कुडाचं दार सारून त्या आत गेल्या. पहाटेपासून चुलीपुढं बसलेली बाई, पोटात अन्नाचा कण नाही, आणि डोक्यावरून भर दुपारचं ऊन घेऊन आलेली... पानं तोडताना पुटपुटणारा त्यांचा आवाज कौशल्या ऐकत होती. मग काहीतरी धप्पकन पडलं आणि आवाज थांबला.

"आत्याबाई!"

तिनं आणखी जोरानं हाक मारली.

"आत्याबाई! दादा! अवं कोनी हाये काय!"

चहूकडं नुसतं पांढरं ऊन पसरलेलं! कौशल्येनं पायांकडं पाहिलं, ते दोन लाकडं होऊन पडले होते. ती कोपरांवर सरकत गाडीच्या मागच्या कडेला आली आणि तिनं अंग खाली सोडून दिलं. मातीनं तोंड भरलं. कुडाच्या दाराशी पोचल्यावर मात्र तिचा हात थबकला. आजारी बाईची सावली... घराचं अन्न... हजारो वेली! तिनं कपाळ जमिनीला टेकलं आणि "नागवेली माय, मले काय शिक्षा द्याची ते मंग दे," असं म्हणून दार डोक्यानं ढकललं.

आत नुकतंच पाणी सोडलेलं होतं. वेलींच्या ओळींमधला पाट तुडुंब भरलेला होता आणि त्या पाटातूनच ती सरपटत निघाली, छातीपर्यंत गार चिखलपाण्यात, वरती हिरवी गच्च सावली. पार्बताबाई एका शेवरीच्या बुंध्याशी पडल्या होत्या, तोंड लालबुंद झालेलं, मुठीत तोडलेली पानं तशीच. कौशल्येनं त्यांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, पदर भिजवून भिजवून तोंडावर पिळला, तळवे चोळले, जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. शेवटी त्यांनी पाण्यासाठी ओठ हलवले, तेव्हा विहिरीच्या थारोळ्यातलं स्वच्छ पाणी आणायला म्हणून कौशल्या शेवरीला धरून उठली... आणि चार पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण चालतो आहोत!

ती परत फिरली तोच पार्बताबाईंनी डोळे उघडले. समोरून त्यांची सून ओंजळीत पाणी घेऊन, डुलत, अडखळत, पण आपल्या पायांनी येत होती.

"मैने..." त्या पुटपुटल्या. मग पुरत्या भानावर आल्या. "कौशल्या? तू उभी? अवं, गाडीत तं तुह्यात उठाची ताकद नव्हती!"

"आधी पानी घ्या आत्याबाई."

"नाई! आधी सांग. कोनं उभं केलं तुले?"

कौशल्येच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. "गारव्यानं, आत्याबाई... मले गारव्यात बरं वाट्टे. ऊब लागली का पाय जाते. शेक देला का जाते... पह्यल्यापासून जाते!"

पार्बताबाईंनी आपले दोन्ही हात डोळ्यांपुढं धरले आणि त्यावरचे फोड जणू पहिल्यांदाच पाहिले. "म्हन्जे म्या... म्या तुले भाजून राह्यली होती? अन् तू 'बरं वाट्टे' म्हनत होती?"

"तुमचे हात पाहून माह्या तोंडून निंघत नव्हतं..."

"काहून नाई सांगतलं वं, काहून!" म्हातारीचा हुंदका फुटला आणि त्या हुंदक्यातच रागही होता. "एक लेक कोनी शेकली नाई म्हनून गेली, अन् दुसरी म्या शेकून शेकून मारली असती! इतकी परकी समजली काय मले?"

"परक्याले खरं सांगता येते आत्याबाई. तुमाले सांगाले जीभ नव्हती वळत." कौशल्येनं त्यांच्या पायांवर डोकं घातलं. दोघी चिखलात बसून एकमेकींना कवटाळून रडल्या, आणि रडण्यात कोण कुणाची समजूत घालतं आहे तेही कळेना.

एवढ्यात धावत आलेला देवीदास कुडाच्या दारातून हे बघून हादरला आणि भीतीपोटी जे बोलायचं नव्हतं तेच बोलून बसला. "मावशी, तिले रागवू नका. ती तं आता परत येनारच नव्हती. पोरीलेबी तुमच्याजवळ ठेवून चालली होती..."

पार्बताबाईंनी सुनेचा चेहरा हातांत धरून वर केला. मग चिखल झटकत त्या उठल्या आणि धुऱ्यावर जाऊन त्यांनी छकड्यातलं कौशल्येचं गाठोडं स्वतः उतरवलं. "देवीदास, तू अखजीचं जेवून जाजो," म्हणाल्या. "ही कोठी जात नाई."

रात्री शकुननं विचारायचं ते विचारलंच, की आजारी बाई मळ्यात शिरली, आता वेलींचं काय?

"सुकल्या तं सुकल्या," पार्बताबाई म्हणाल्या. "वेली पुन्हा लावता येते."

पानमळ्याच्या घरात हे वाक्य उच्चारणं किती कठीण, ते पानमळेवाल्यालाच कळेल! शकुननं ताटं वाढली, आणि कौशल्येचं ताट खाटेवर न देता, ओलं फडकं घालून गार केलेल्या ओसरीवर नेऊन मांडलं.

चंद्रभान बाजाराहून परतला तेव्हा त्याला डॉक्टरांचं ते सोडून दिलेलं वाक्य आठवलं, आणि मान खाली घालून त्यानं ते आईला सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी तो बायकोला उचलून मळ्यात नेऊ लागला. पहिले काही दिवस लोकांच्या देखत बायकोला उचलायची लाज वाटून कानापर्यंत लाल होई, पुढं लोकच पाहायचे थांबले. विहिरीजवळच्या गर्द सावलीत त्यानं तिच्यासाठी माचा बांधला. त्यावर बसून ती वेली बांधी आणि तोडलेली पानं निवडी. बोटं बधिर असली की पान गालाला लावून पाही, कोवळं की जून ते गाल तिला सांगे. आषाढात काही वेली बुडाशी सडल्या तेव्हा शकुनची नजर नकळत माच्याकडं गेली. "मी नवी नवरी होती तवाबी सडल्या होत्या," पार्बताबाई म्हणाल्या, आणि तो विषय कायमचा मिटला. नागपंचमीला वेलीच्या पूजेचं ताट त्यांनी सगळ्यांदेखत कौशल्येच्या मांडीवर ठेवलं.

ती बरी झाली नाही. ही खोटी आशा तिनं स्वतःला कधी दाखवली नाही आणि घरानंही दाखवली नाही. पुढं जर्मनीशी लढाई सुरू होऊन संपली तोवर तिचं चालणं जवळजवळ गेलं होतं. पण रोज सकाळी, चूल पेटवण्याच्याही आधी, पार्बताबाई तिच्या उशाशी येऊन "आज कसं हाये? काय पाह्यजे?" असं विचारत, आणि उत्तर येईपर्यंत थांबत. ते थांबणं! त्या थांबण्यासाठी कौशल्या देवापुढं रोज हात जोडी. पाय मागायचं तिनं सोडून दिलं होतं. जे मिळालं ते मागून मिळण्यातलं नव्हतं.

शालूच्या लग्नानंतरच्या पौषात पार्बताबाईंनी अंथरूण धरलं. हाडांत थंडी शिरली होती. कौशल्येनं चंद्रभानला सांगून आपली खाट त्यांच्या खाटेला भिडवून घेतली.

"आत्याबाई, काय पाह्यजे तुमाले?" तिनं विचारलं आणि थांबली.

म्हातारीनं बराच वेळ छताकडं पाहिलं. मग अगदी लहान मुलीसारख्या ओशाळल्या आवाजात म्हणाल्या, "हसशीन तू... मले शेक पाह्यजे."

शकुन उठू लागली तशी कौशल्येनं तिला हातानं थांबवलं. "तू फकस्त मले चुलीजवळ बसवून दे शकुन." शकुननं तिला धरून चुलीपाशी नेलं, भिंतीला टेकवून बसवलं, आणि न सांगता एक गार पाण्यानं भिजवलेलं फडकं तिच्या डोक्यावर घातलं. विस्तवाची धग लागताच कौशल्येचे हात थरथरू लागले, डोळ्यापुढं तो ओळखीचा धूर दाटून आला... पण वीट तापली ती तिच्याच समोर, रुईची पानं गुंडाळली ती तिच्याच अधू बोटांनी. मग शकुननं तिला पुन्हा खाटेवर आणलं आणि कौशल्येनं ते गरम गाठोडं दोन्ही हातांनी, सारा जीव एकवटून, पार्बताबाईंच्या पाठीला लावलं.

"तुले झळ लागून राह्यली असंन," पार्बताबाई पुटपुटल्या.

"लागून राह्यली," कौशल्या म्हणाली. "पन मले द्याचा हाये. तुमी सांगा, बरं वाट्टे काय? खरं सांगजा."

"खरं सांगू?" म्हातारीनं डोळे मिटले. सुरकुत्यांतून एक समाधानाचं हसू पसरत गेलं. "जराशीक खाली घे... अजून खाली... हां माय. तेथंच."